खांबावरचं फडकं

चौथी कात टाकली की रेशमाच्या अळीला सात दिवसांची भूक लागते. आधीच्या तीन आठवड्यांत मिळून खाल्लं नसेल एवढं ती त्या सात दिवसांत खाते, आणि तिला वाढणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचू देत नाही. रेशीमवालीच्या शेडमध्ये त्यातला तिसरा दिवस चालू होता. तीन थरांच्या मांडणीवर वीस हजार अळ्या पसरल्या होत्या, बोटाएवढ्या, खडूसारख्या पांढऱ्या. सगळ्यांच्या खाण्याचा मिळून एकच आवाज येत होता, शेजारच्या खोलीत कोणीतरी कागद हळूहळू चुरगाळत बसावं तसा.

त्या आवाजात तिची लेक मोठ्याने वाचत होती. एका हातात पुस्तक होतं, दुसऱ्या हाताने ती तुतीच्या फांद्या मांडणीवर आडव्या ठेवत होती.

"तत्त्व. धोकादायक वस्तू आपल्या जागेत आणणाऱ्याने ती बाहेर जाणार नाही याची काळजी घ्यावी. तथ्य. एकाने आवारात वाघ पाळला आणि कुंपणावर पाटी लावली. शेजाऱ्याने पाटी वाचली, तरी आत हात घातला. वाघाने हात तोडला. कोण जबाबदार?"

"वाघाला विचारलं का कोणी?" नवरा दारातून म्हणाला. शेडमध्ये शिरण्याआधी चुन्याच्या पाण्यात पाय बुडवायचे असत, तो तेच करत होता.

"बाबा, पर्याय चार आहेत. वाघ त्यात नाही."

"मग परीक्षाच चुकीची आहे, वकीलसाहेब."

रेशीमवाली खालच्या थरातली विष्ठा झाडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "पाटी वाचली होती ना त्याने?"

"हो."

"मग त्याचंच चुकलं."

"बरोबर," लेक म्हणाली. "बघा. आईलाच बसवा परीक्षेला."

कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मागच्या वर्षी लेकीचं थोडक्यात हुकलं होतं. तेव्हा तीच म्हणाली होती, अजून एकदा बसते, नाही झालं तर शेड बघेन, पुन्हा विषय काढणार नाही. ती बोलते तशी वागते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि रेशीमवालीला त्याचीच धास्ती होती. तिचे स्वतःचे हात चुन्याने फाटले होते. भारे वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. लेकीचे खांदे अजून सरळ होते.

परीक्षेच्या मार्कांबरोबर अर्जातला निबंधही धरायचे. ‘मला कायदा का शिकायचा आहे’, आयुष्यातल्या एखाद्या प्रसंगाच्या आधारे, पाचशे शब्द. बाकीचा अर्ज भरून तयार होता. निबंधाचं पान कोरं होतं.

"आपल्याकडे काही घडतच नाही," लेक म्हणाली. "पाला कापला, घातला, कोश विकले. यावर पाचशे शब्द कसे लिहू?"

"घडत नाही तेच बरं आहे," रेशीमवाली म्हणाली.

गुरुवारी लेकीची शहरात सराव परीक्षा होती. ती पहाटेच्या गाडीने गेली. नवरा शीतगृहात कामाला होता, त्याची पाळी रात्री संपायची. त्यामुळे दुपारचा आणि संध्याकाळचा पाला एकटीनेच कापायचा होता, सहा भारे. एरवी लेक कापायची आणि ती वाहायची.

तुतीच्या पूर्वेला बागवाल्यांची फळबाग होती. मध्ये तारेचं कुंपण होतं. बागेत फवारणी असली की फवारणीवाला आधी कोपऱ्याच्या खांबाला लाल फडकं बांधायचा. फडकं दिसलं की कुंपणालगतच्या पाच ओळींना दहा दिवस हात लावायचा नाही. बागेतल्या किडीला मारणारं औषध रेशमाच्या अळीलाही मारतं, तेही पानावर हाताला लागणार नाही एवढंसं असलं तरी. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यावरून कधी भांडणही झालं नव्हतं.

त्या दिवशी ती विळा घेऊन शेतात आली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. फवारणीवाला खांबाशी उभा राहून गाठ आवळत होता. साठीचा वाळका माणूस, तोंडाला बांधायचं कापड गळ्यात लोंबतं. त्याने तिला बघून हात वर केला. तिनेही केला.

आतल्या ओळी दोन दिवसांपूर्वीच कापून झाल्या होत्या. उरलेल्या लांब होत्या, पाटाच्या पलीकडे, आणि तिथला पाला विरळ होता. कुंपणाच्या ओळी शेडपासून हाकेच्या अंतरावर होत्या आणि पानांनी लवल्या होत्या. तिने हिशोब केला. फडकं लागलं आहे, पण पंप सुरू झालेला नाही. पंप आठला सुरू होतो. तोवर पान स्वच्छच आहे. वाराही इकडून तिकडे वाहतो आहे.

आठपर्यंत चार भारे झाले. मग बागेच्या दुसऱ्या टोकाला पंप सुरू झाला. ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. दोन भारे राहिले होते. पाटापलीकडे जायचं म्हणजे एकेका भाऱ्याला अर्धा तास, आणि शेडमध्ये अळ्या रिकाम्या फांद्यांवर माना वर करून बसलेल्या. पंप लांब होता. वास येत नव्हता. तिने गालावर वारा बघितला. तो पडला होता, नुसता पडला होता.

दोन भारे तिने तिथेच कापले.

सहाही भाऱ्यांच्या दोऱ्या सोडून तिने पाला खोलीत ओल्या पोत्याखाली एकत्र केला. दुपारचा पाला वरून घेतला. संध्याकाळी लेक आली ती खुशीत होती, दीडशेपैकी एकशे अठरा बरोबर आले होते. हातपाय धुऊन तिनेच उरलेला पाला घातला. रेशीमवाली दारात बसून पाय चेपत तिच्याकडे बघत होती.

सकाळी शेडमधला आवाज बंद झाला होता.

तिला ते अंथरुणातच कळलं. ती गेली तेव्हा अळ्या फांद्यांवरून उतरून मांडणीच्या कडेला गोळा झाल्या होत्या. डोकी उचलून डावीकडे-उजवीकडे हलवत होत्या. तोंडातून हिरवं पाणी गळत होतं. काही आखडून निम्म्या झाल्या होत्या. तिने एक तळहातावर घेतली. कालपर्यंत थंड आणि टणक असणारं अंग आता भिजल्या वातीसारखं लिबलिबीत झालं होतं.

लेक मागे येऊन उभी राहिली. तिने वाकून तिन्ही थर बघितले.

"औषध आहे," मग म्हणाली. "रोग असता तर असं एका रात्रीत सगळीकडे नसतं झालं. पाला कुठला होता?"

"कुंपणाकडचा."

"फडकं होतं का?"

रेशीमवालीने तोंड उघडलं होतं. ती ‘हो’च म्हणणार होती. पण लेकच पुढे बोलली, मांडणीच्या बांबूला धरून, खालमानेने. "मी काल जायलाच नको होतं. मी असते तर आपण पाटापलीकडून आणला असता. माझ्या परीक्षेपायी हे झालं. आई, मी अर्ज नाही भरत."

"फडकं नव्हतं," रेशीमवाली म्हणाली.

लेकीने वर बघितलं.

"नव्हतं. असतं तर मी कापला असता का? तुझा काय संबंध त्यात."

शब्द बाहेर पडले आणि लेकीच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. लगेचच दुसरं काहीतरी घट्ट झालं. "म्हणजे त्यांनी न सांगता फवारलं," ती म्हणाली. "मी खांबाचा फोटो काढते."

"आधी बाबांना उठव. चुन्याचं पोतं काढायला सांग. मग काढ काय काढायचं ते."

लेक घराकडे गेली. रेशीमवाली विळा घेऊन कुंपणाकडे निघाली. ती पळाली नाही. फडकं दवाने भिजून खांबाला चिकटलं होतं. गाठ सुटेना. तिने विळ्याने कापली आणि फडकं पोलक्यात कोंबलं. ओला गोळा छातीशी थंड लागत राहिला. दुपारी नवऱ्याने कमरेएवढा खड्डा खणला, घमेल्याघमेल्याने अळ्या ओतल्या, तेव्हा पहिल्या थरावर चुना टाकायला ती स्वतः वाकली आणि फडकं त्याखाली गेलं.

नवरा फावड्यावर रेलून म्हणाला, "वाघ सुटला म्हणायचा." कोणी हसलं नाही. त्यालाही हसायचं नव्हतं.

लेक रडत बसली नाही. तिने पानं दोन बाटल्यांत बंद करून वर तारीख-वेळ लिहिली. मेलेल्या अळ्यांचे, रिकाम्या खांबाचे फोटो काढले. शेतकी कार्यालयाला तक्रार लिहिली. आणि एका बैठकीत निबंध लिहिला. संध्याकाळी तिने तो वाचून दाखवला. रेशीमवाली मांडणीचे बांबू पुसत होती.

"‘त्या सकाळी माझ्या आईने नेहमीप्रमाणे कुंपणाकडे पाहिले. खांब रिकामा होता. सहा वर्षांचा एक अलिखित करार कोणीतरी मोडला होता, आणि आमच्याकडे तो सिद्ध करायला कागद नव्हता. त्या दिवशी मला कळले की...’ आई, ऐकते आहेस ना?"

"ऐकते आहे."

"कसा आहे?"

"त्या म्हाताऱ्याचं नाव नाही ना त्यात?"

"कोणाचंच नाही. पण तो कशाला मध्ये आला? त्याला मालकाने सांगितलंच नसणार."

"छान आहे," रेशीमवाली म्हणाली. बांबू पुसून झाला होता, तरी ती पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी अर्ज गेला.

बागवाले तक्रार ऐकून घरी आले, दारातच उभे राहिले, आणि शांतपणे म्हणाले की मी फडकं बांधायला सांगितलं होतं, गड्याने बांधलं नसेल तर तो जाणे. त्यांनी फवारणीवाल्याला कामावरून काढलं. हे रेशीमवालीला पिठाच्या गिरणीत कळलं. गिरणीवाली म्हणाली, "बरं झालं. तुमचं एवढं नुकसान केलं मेल्याने." रेशीमवालीने डबा उचलला. वाटेत तिच्या लक्षात आलं की पीठ घ्यायचं राहिलं आहे. ती परत गेली नाही.

परीक्षेला चार दिवस असताना फवारणीवाला आला.

तो अंगणात आला आणि चपला काढून उभा राहिला, जसा बागवाल्यांच्या दारात राहात असेल तसा. रेशीमवाली नव्या बॅचसाठी जाळ्या दुरुस्त करत होती. लेक पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. नवरा कामावर होता.

"वहिनी, एवढंच विचारायला आलो," तो म्हणाला. "फडकं मी बांधलं होतं. तुम्ही मालकांना सांगाल का? मला ते ऐकत नाहीत."

"बसा काका," लेक म्हणाली. तिने पुस्तकात बोट घालून ते मिटलं. आवाज मऊ होता. "घाबरू नका. मालकांनी बांधू नको म्हणून सांगितलं होतं का?"

"नाही, नाही. बांधलं मी."

"त्याच्या आधीची फवारणी कधी झाली होती?"

तो विचारात पडला. "महिना झाला असेल. नाही, जास्त."

"वार?"

"वार कसा आठवणार, बाळ."

"तेव्हा फडकं बांधलं होतं?"

"हो तर."

"किती वाजता?"

"सकाळीच बांधतो मी."

"सकाळी, पण किती वाजता? त्या दिवशी ऊन होतं की ढग होते?"

तो हसल्यासारखा झाला आणि डोकं खाजवलं. "ते नाही सांगता यायचं."

"म्हणजे मागच्या वेळचं तुम्हाला आठवत नाही, पण बांधलं असणार असं वाटतं, कारण दर वेळी बांधता."

"तसंच म्हण."

"आणि ह्या वेळचंही दर वेळी बांधता म्हणूनच वाटतं आहे. प्रत्यक्ष आठवत नाही."

"नाही, ह्या वेळचं आठवतं."

"वेगळं काय घडलं ह्या वेळी, म्हणून आठवतं?"

लेकीने हा प्रश्न हळू विचारला होता, रागाने नाही. रेशीमवालीने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा आत जाईना.

म्हातारा तिच्याकडे वळला. "वहिनींनी हात केला होता मला. मी गाठ मारत होतो. त्यांनी बघितलं."

"आई?" लेक म्हणाली.

अंगणात कोंबडी मातीत पाय घासत होती. रेशीमवालीने दोऱ्याचं टोक ओलं करून पुन्हा सुईशी नेलं.

"मी तर रोजच हात करते त्यांना," ती म्हणाली. "कुठल्या दिवशी केला ते कसं सांगू."

ह्यातला शब्दन् शब्द खरा होता.

फवारणीवाला तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने आधी तिच्या हातातल्या सुईकडे बघितलं, मग पायरीवरच्या पुस्तकाकडे, मग लेकीकडे. नजर खाली करून तो चपला शोधू लागला. त्या समोरच होत्या.

"मग नसेल बांधलं," तो म्हणाला. "वय झालं माझं."

"तसं लिहून द्याल का, काका? तुमच्यावर काही येणार नाही. ‘नक्की आठवत नाही’, एवढंच."

"लिही तू. सही करतो."

लेकीने लिहिलं, वाचून दाखवलं. त्याने पायरीवर कागद ठेवून, पेन मुठीत धरून, एकेक अक्षर वेगळं काढत सही केली. पाणी विचारलं तर नको म्हणाला. तो फाटकाबाहेर गेल्यावर लेक कागद वाळवत म्हणाली, "बघितलंस? चार प्रश्नांत." तिचे गाल लाल झाले होते. परीक्षेचा पहिला पेपर सोडवून आल्यासारखी ती दिसत होती.

"गरीब माणूस आहे," रेशीमवाली म्हणाली.

"म्हणूनच त्याला पढवून पाठवलं होतं."

परीक्षा झाली. निकाल पावसाआधीच लागला. यादीत लेक एकतिसावी होती. कॉलेजच्या पत्रात निबंधाबद्दल वेगळी ओळ होती, ‘विशेष उल्लेखनीय’. नवऱ्याने ते पत्र शीतगृहात नेऊन सगळ्यांना दाखवलं. परत आणलं तेव्हा त्यावर ओल्या बोटांचे डाग पडले होते, आणि लेक पहिल्यांदाच त्याच्यावर चिडली.

त्याच आठवड्यात शेतकी कार्यालयातून दुसरा कागद आला. नुकसानीच्या तक्रारीची सुनावणी सोमवारी. बागवाल्यांनी वकील दिला होता. तक्रारदार म्हणून रेशीमवालीने हजर राहावं, तिला प्रश्न विचारले जातील.

"मी काय बोलणार तिथे," ती म्हणाली. "जाऊ दे ना आता. तुला प्रवेश मिळाला."

"जाऊ दे? सगळं त्यावरच तर उभं आहे, आई. उद्या कॉलेजात कोणी विचारलं, त्या तक्रारीचं काय झालं, तर काय सांगू?"

रविवारी दुपारी लेकीने तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. स्वतः समोर उभी राहिली, हातात वही. बाहेर नवरा सायकल पुसत होता, साखळीचा आवाज येत होता.

"मी त्यांचा वकील. फक्त विचारलं तेवढंच सांगायचं. त्या दिवशी पाला कोणी कापला?"

"मी."

"एकटीने?"

"हो."

"कुठल्या ओळी?"

"कुंपणाकडच्या."

"सुरुवात किती वाजता?"

"सात."

"संपलं कधी?"

"साडेआठ झाले असतील."

"फवारणीचा पंप कधी सुरू झाला?"

"आठला. आठलाच होतो."

"तुम्हाला ऐकू आला?"

"आला की. चांगला—"

ती थांबली. लेकीचं पेन आधीच थांबलं होतं.

"पंप ऐकू आला," लेक म्हणाली. हा आवाज वकिलाचा नव्हता. "आणि त्यानंतर अर्धा तास तू कुंपणाच्या ओळीत कापत होतीस."

साखळीचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. लेक आईकडे बघत होती, पुस्तकातला अवघड प्रश्न दोनदा वाचताना बघायची तशी. मग तिची नजर आईच्या हातांवर गेली आणि तिथेच राहिली. रेशीमवालीला वाटलं, आता. आता सांगून टाकलं तर निदान घरात तरी सांगितलेलं राहील.

"बाळ, ते फडकं—"

"फडक्याचं मी विचारलेलं नाही."

लेकीने वही टेबलावर ठेवली. पट्टी घेतली आणि एका ओळीवर सरळ रेघ मारली. वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

"पंप ऐकू आला नाही," ती म्हणाली. "शेडमधले पंखे चालू होते. म्हण."

"पंखे तर त्या दिवशी—"

"चालू होते."

"पंखे चालू होते," रेशीमवाली म्हणाली.

"माझ्याकडे बघून."

तिने मान वर केली. लेक पुन्हा समोर उभी राहिली होती, खांदे सरळ.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "त्या दिवशी पाला कोणी कापला?"